वाकडं अंगण

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार बाळगणारा माणूस ओळखायला सोपा असतो. बाकीचे वादक पट्टा खांद्यावर घेतात आणि वाजवू लागतात. हा आधी बोलतो. "ही ओरिजिनल नाही हं," इथून गाडी सुटते. "पण पॅटर्न तोच," हे मधलं स्टेशन. "डोळे बांधून ऐका, फरक सांगितलात तर गिटार तुमची," हे शेवटचं. तिथवर पोचेपर्यंत पाहुण्यांचा चहा संपलेला असतो, त्यांना घरची आठवण आलेली असते आणि वाजवायचं राहून गेलेलं असतं. डोळे बांधून घ्यायला आजवर कुणी थांबलेलं नाही, म्हणून गिटार अजून त्याच्याकडेच आहे.

हा माणूस पुण्यात असतो, कोल्हापुरात असतो, डोंबिवलीत तर दर दोन इमारतींमागे एक असतो. आमच्या द्रोणागिरीतला नमुना मात्र अस्सल आहे. अस्सल हा शब्द त्याच्या बाबतीत इथे एकदाच वापरून घेतो, पुढे संधी मिळणार नाही.

द्रोणागिरी नेमकं कुठे, हा प्रश्न आम्हाला पाहुणे विचारतात आणि आम्ही विषय बदलतो. महसुलाच्या कागदावर ते उरण तालुक्यात, सिडकोच्या नकाशावर नवी मुंबईत आणि ऑनलाइन मागवलेल्या पार्सलच्या लेखी पनवेलला. नाव आलं ते करंज्याजवळच्या डोंगरावरून. मारुती संजीवनीचा पर्वत घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा वाटेत पडला, तोच हा डोंगर, असं इथली जुनी माणसं सांगतात. तेव्हा मूळ वस्तू तिकडे लांब हिमालयात आणि आपल्या वाट्याला तिच्या नावाचा तुकडा, या व्यवस्थेची इथल्या माणसाला रामायणापासून सवय आहे.

आमच्या गिटारवाल्याचं वय पंचेचाळिशीच्या पुढेमागे. कपाळावरचे केस मागे हटले आहेत आणि मानेवरचे त्याने भरपाईसाठी वाढवले आहेत. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि भोवती कंटेनर यार्डांचं रान माजलं. त्यातल्याच एका यार्डासमोर, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो बिल ऑफ एंट्री भरतो. जगभरातून आलेला माल कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा, हे सांगणं त्याचं काम. त्यामुळे गिटारची सरकारी व्याख्या त्याला पाठ आहे. साधी लाकडी गिटार ९२०२ मध्ये. इलेक्ट्रिक गिटार ९२०७ मध्ये, कारण ज्या वाद्याचा आवाज विजेवर निर्माण होतो किंवा विजेने मोठा करावाच लागतो, ते ९२०७. नुसत्या तारा मागवल्या तर ९२०९. संध्याकाळी वीज गेली की तो गिटार मांडीवरून उतरवतो आणि म्हणतो, "आता ही ९२०२ झाली." हा विनोद फक्त त्याच्या ऑफिसातल्या लोकांना कळतो, आणि त्यांना तो आवडत नाही.

गिटार आहे स्ट्रॅटोकास्टरच्या पॅटर्नची. तिला नकली म्हटलेलं त्याला खपत नाही. नकली आणि कॉपी यांतला फरक तो शपथेवर साक्ष दिल्यासारखा सांगतो. दुसऱ्याचं नाव आपल्या मालावर छापलं तर तो माल नकली. कस्टमला तो २००७ च्या नियमांखाली बंदरातच अडवता येतो. नाव आपलं आणि आकार दुसऱ्याचा असेल तर ती कॉपी, आणि कॉपी उजळ माथ्याने गेटमधून बाहेर पडते. याचा पुरावा त्याच्या जिभेवर तयार असतो. फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली: वर दोन शिंगं, पोटावर तीन पिकअप, बरगड्यांना टोचू नये म्हणून मागून तासलेलं अंग. पुढची पन्नास वर्षं जगाने हा आकार बिनदिक्कत उचलला. मग कंपनी जागी झाली आणि अंगाचा आकार आपल्या नावावर करून घ्यायला गेली. अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये निकाल दिला की हा आकार आता कुणा एकाचा राहिलेला नाही. कंपनीच्या हाती उरलं ते डोकं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या जिथे असतात तो शेंडा. म्हणून कॉपीवाले धड तेच ठेवतात आणि डोकं बदलतात.

"आणि डोकं बदललं म्हणून कुणाचा मान कमी होतो का?" तो विचारतो. "आपला गणपती बघा."

यावर बोलण्यासारखं काही नसतं, पण त्याच्याकडे असतं. सत्तरच्या दशकात जपान्यांनी फेंडरच्या इतक्या उत्तम कॉप्या काढल्या की शेवटी १९८२ मध्ये फेंडरलाच जपानात जाऊन आपल्या गिटार तिथे बनवून घ्याव्या लागल्या. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या मालकांनी १९७७ मध्ये जपानी आयबानेझच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यावर दावा लावला, तोही डोक्याच्या आकारावरूनच. इकडे कोलकात्याच्या गिवसनने गिब्सनच्या नावातलं एक अक्षर बदललं आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या हातात पहिली गिटार दिली. एवढं सगळं सांगून झालं की समोरच्याला उगाच वाटायला लागतं, ओरिजिनल घेणारा माणूसच जरा संशयास्पद आहे.

खरं कारण अर्थात पैशाचं. अमेरिकेत बनलेली स्ट्रॅट आपल्याकडे लाख-दीड लाखाच्या पुढे सुरू होते. याची सात हजारांची, त्यात पिशवी, पट्टा, एक तारांचा जोड आणि डबाभर अँप्लिफायर आला. घरात कर्जाचा हप्ता आहे, मुलीचा क्लास आहे, आईच्या गुडघ्यांचं औषध आहे. हे तो कधी बोलून दाखवत नाही. त्याऐवजी ट्रेडमार्क मंडळ सांगतो. मध्यमवर्गीय माणसाला 'परवडत नाही' म्हणण्यापेक्षा 'पटत नाही' म्हणणं केव्हाही सोपं जातं.

आता वाजवण्याकडे वळू. तो मात्र तिकडे सहसा लवकर वळत नाही.

अँप्लिफायर सुरू केला की पहिली वाजते ती वीज. स्ट्रॅटचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे असतात. चुंबकावर केसासारखी बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली. गिटारच्या तारेचं थरथरणं त्यात पकडलं जातं, पण त्याबरोबर घरातला पंखा, ट्यूबलाइट, शेजारचा मिक्सर, सगळं पकडलं जातं. महाराष्ट्रातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे आपल्याकडच्या स्वस्त अँप्लिफायरमधून पन्नासची गुरगुर येते. त्याने मोबाइलवर मोजून पाहिलं: ही गुरगुर पाश्चात्त्य 'जी' सुराच्या जराशी वर बसते. तेव्हापासून तो सगळी गाणी 'जी'मध्ये वाजवतो. "तंबोरा फुकट मिळतोय," म्हणतो. "अमेरिकेत वीज साठची, तिकडे हा सूर मिळत नाही."

तरीही गुरगुर घालवण्याचे प्रयत्न चालूच असतात. गिटारचं पोट उघडून आतून धातूचा पत्रा चिकटवला की गुरगुर कमी होते, हे शास्त्र खरं आहे. बाजारात त्यासाठी तांब्याची टेप मिळते. याने स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा फॉइल वापरला. एका सोमवारी मुलीचा डबा वर्तमानपत्रात बांधून गेला, तेव्हा बायकोला समजलं की रोल कुठे गेला. दुसरा उपाय शिसपेन्सिलचा. तार जिथून खुंटीकडे वळते तिथल्या प्लास्टिकच्या खाचेत ती अडकते आणि मग सूर उतरतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अलगद सरकते. हाही उपाय जगभर चालतो. फक्त जगभरातल्या मुलींची चित्रकलेची परीक्षा दुसऱ्या दिवशी नसते.

एकदा आवाज एकदमच बंद झाला. आतली एखादी तार सुटली असणार, पण कुठली ते सापडेना. मग त्याने मारुतीचा मार्ग पत्करला. संजीवनी ओळखता येत नव्हती म्हणून मारुतीने पर्वत आणला; याने स्विच, तीन बटणं, सॉकेट आणि वायरी असा आख्खा जोड मागवला. तो पनवेलला गेला, तिथून परत गेला, पुन्हा आला. सगळं बसवून झालं तरी आवाज नाही. शेवटी कळलं की बाहेरची केबलच तुटली होती. जुना जोड त्याने टाकला नाही. खोक्यात भरून, वर 'ओरिजिनल पार्ट्स' असं लिहून ठेवला आहे. त्याच्या घरात ओरिजिनल म्हणावी अशी तेवढीच वस्तू.

आणि तारा. आमच्याकडे खाडी तीन बाजूंनी आहे म्हटलं तरी चालेल. वाऱ्यात मीठ इतकं की खिडकीच्या ग्रिलला दर वर्षी रंग काढावा लागतो. तिथे नऊ हजारांश इंच जाडीच्या पोलादी तारेची काय कथा? नव्या तारा पावसाळ्यात बघता बघता काळवंडतात. मग तारा आणायला मुंबई. पूर्वी मोऱ्याहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला, तिथून धोबी तलाव. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, तेव्हापासून द्रोणागिरी स्टेशनातून बसतो. धोबी तलावाला १८६५ पासूनच्या फुर्टाडोजचं दुकान आहे. तारांचा एक पुडा घ्यायला त्याला तिथे अर्धा दिवस लागतो. भिंतीवर टांगलेल्या स्ट्रॅटसमोर तो हात मागे बांधून उभा राहतो. किंमत विचारत नाही, हात लावत नाही. घरी येऊन सांगतो, "फिनिशिंगमध्ये आपली काही कमी नाही."

या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ गिटारच्या मानेत आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण ज्याच्या तोंडावर फेकतो, तो बहुधा थापा मारत असतो. आमच्या गिटारवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचं अंगण खरोखर वाकडं आहे. सहा तारांचा ताण मानेला रात्रंदिवस पुढे ओढत असतो, वर पावसाळ्याची ओल आणि मेचा उकाडा. मान वाकली की तारा पट्टीपासून उचलल्या जातात, बोटं दुखतात, वरचे सूर बेसूर होतात. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तिच्या टोकाला ॲलन की लावून पाव फेरा दिला की मान सरळ येते. पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, मग बघायचं, असं जाणकार सांगतात. हा पाव फेरा देतो, वाजवून बघतो, उलटा पाव फेरा देतो, डोळ्यापाशी धरून मानेच्या कडेने दूरवर बघतो. रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्यांना वाटतं, गॅलरीतून कुणीतरी नेम धरतोय.

म्हणून चूक झाली की त्याला "बोट चुकलं" असं कधी म्हणावं लागत नाही. "मान हलली." "ओल धरली." "अर्थिंग बघायला पाहिजे." यातलं एकही वाक्य खोटं नसतं, हीच गंमत आहे. इतरांना सबबी शोधाव्या लागतात. याला सात हजारांत सहा तारांसकट सबब घरपोच मिळाली, शिवाय ती दुरुस्त करता येते. त्या सबबीच्या देखभालीत त्याच्या संध्याकाळी इतक्या छान जातात की वाजवायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार तो मनापासून करतो.

बायकोने हे सगळं फार लवकर ओळखलं. सुरुवातीला ती म्हणायची, "अहो, एखादं पूर्ण गाणं वाजवा की." कारण याच्याकडे गाणी नाहीत, सुरुवाती आहेत. जगातल्या प्रसिद्ध गाण्यांच्या पहिल्या दहा सेकंदांचा त्याच्याकडे मोठा साठा आहे. सुरुवात ओळखीची वाटून माणूस मान वर करतो, तेवढ्यात हा थांबतो आणि म्हणतो, "इथून पुढे सेकंड गिटार लागते." तिच्या सासूबाईंचं मत निराळं. त्या म्हणतात, "वाजवत नाही तेच बरं. दारू नाही, पत्ते नाहीत. खोलीत बसून स्क्रू पिळतो, पिळू दे." मुलगी बाबांची बाजू घेते, पण मैत्रिणी घरी आल्या की आधी जाऊन अँप्लिफायरची पिन काढून ठेवते.

सोसायटीचं धोरण त्याहून व्यावहारिक आहे. सेक्रेटरीने वॉट्सॅप ग्रुपवर 'वाद्यवादनाची वेळ' असा मेसेज टाकला होता. रात्री ट्रेलरच्या हॉर्नने अर्धी इमारत जागी असते आणि हे लोक माझ्या गिटारवर नियम करतात, म्हणून याला वाईट वाटलं. पण खरा घाव दुसराच होता. खाली राहणाऱ्या काकांनी ग्रुपवर निष्पापपणे लिहिलं, "नियम कशाला? आमच्याकडे तर कधीच ऐकू येत नाही." ते काका म्हणजे मीच. खालून ऐकू येतो तो ड्रिल मशीनचा आवाज.

अशा माणसाला दैवतं लागतात, आणि ती त्याने हिशोबीपणे निवडली आहेत. पहिलं दैवत खुद्द लिओ फेंडर. या गृहस्थाचं कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जगातली सर्वांत प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार त्याने काढली, पण स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि तो कधी शिकलाही नाही. ही हकिकत सांगताना आमच्या गिटारवाल्याचा आवाज भरून येतो. "म्हणजे बघा, समजणं वेगळं आणि वाजवणं वेगळं." दुसरं दैवत एरिक क्लॅप्टन. त्याची 'ब्लॅकी' नावाची काळी गिटार एकसंध नव्हती. जुन्या तीन स्ट्रॅटचे चांगले चांगले भाग काढून जोडलेली होती. २००४ साली ती लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. बायकोने पार्टच्या नव्या खोक्याकडे बघितलं की तो ब्लॅकीचं नाव घेतो. तिने एकदा विचारलं, "त्या क्लॅप्टनची बायको मेंटेनन्स भरायची का?" तो विषय तिथेच राहिला.

तिसरं दैवत ब्रायन मे. क्वीनच्या या वादकाने पोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. मान एका जुन्या शेगडीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या आणि पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्याच गिटारवर तो आयुष्यभर मोठमोठी मैदानं भरवत राहिला. त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि १९५८ च्या सुमारास तिथेच त्याने पोरांचा पहिला बँड काढला. या एका धाग्यावर आमचा गिटारवाला क्वीनला सातारा जिल्ह्यातला बँड समजतो. सहल महाबळेश्वरला निघाली तर हा पाचगणीला उतरतो, शाळेच्या फाटकासमोर फोटो काढतो आणि स्ट्रॉबेरी विसरतो. घरी आल्यावर त्याने आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं मागितली होती. आईने शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं.

मग एकदा ओरिजिनल घरापर्यंत चालून आली.

बी विंगमधल्या आजींचा नातू अमेरिकेहून आला, तो चक्क अमेरिकन स्ट्रॅट घेऊन. बातमी लिफ्टमधून वर पोचली. आमच्या माणसाने हात साबणाने धुतले, घड्याळ काढलं, पट्ट्याच्या बकलचा ओरखडा उठू नये म्हणून शर्ट बाहेर काढला आणि मला साक्षीला घेऊन गेला. नातू मोकळ्या मनाचा. त्याने गिटार हातात दिली आणि म्हणाला, "वाजवा काका, लावून ठेवलीय."

लावून ठेवलेली गिटार! आमच्या माणसाने सवयीने मान डोळ्यापाशी धरली. सरळ होती. खुंट्या तपासल्या. घट्ट. अँप्लिफायर लावला तर त्यातून जवळजवळ शांतता आली, आणि ती ऐकून तो गोंधळला. 'जी' कुठून घ्यायचा हेच त्याला समजेना. मग त्याने ती ठरलेली सुरुवात वाजवली. जिथे रोज चुकतो तिथे चुकला. फरक एवढाच की घरी ती चूक गुरगुरीत, गंजात आणि ओल्या लाकडात मुरून जायची. इथे ती खोलीच्या मध्यभागी येऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तीच चूक, आणखी स्वच्छ.

गिटार खाली ठेवत तो म्हणाला, "चांगली आहे. पण फार सोपी करून ठेवली आहे. हिच्यावर काय, कुणीही वाजवेल."

"मग वाजवा ना काका," नातू म्हणाला. मुलगा खरंच सज्जन होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

जिन्यावर याने मला गाठून सांगितलं, "आवाज जरा निर्जीव वाटला ना?" मी हो म्हटलं. शेजारी म्हणून माझं तेवढं कर्तव्य होतं. त्या रात्री वरून ड्रिल मशीनचा आवाज उशिरापर्यंत येत होता.

तरी एक रात्र अशी आली की त्याने खरोखर वाजवलं. जवळच्या गावात हळद होती. आमच्या भागात हळदीला बेंजो पार्टी नसेल तर नवऱ्याला हळद चढली असं कुणी मानत नाही. त्या दिवशी त्यांचा कीबोर्डवाला आला नाही, आणि यार्डातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं की आमच्या साहेबांकडे गिटार आहे. साहेबांना टेम्पोत घालून नेलं.

बेंजो हे वाद्य मुळात पाहण्यासारखं. नाव अमेरिकन, पण त्या अमेरिकन बॅंजोशी याचं रक्ताचं नातं नाही. १९१२ साली जपानात नागोयाला तारांवर टायपरायटरसारखी बटणं बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं. ते समुद्रावरून आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लागला, अँप्लिफायर लागला आणि ते गणपतीत, वरातीत, हळदीत शिरलं. जपानी अंग, अमेरिकी नाव आणि आगरी-कोळी गाणी. ट्रेडमार्क मंडळाच्या हाती हे प्रकरण लागलं तर ते राजीनामा देईल. मास्तरांच्या बेंजोची दोन बटणं मूळची नव्हती, एका जागी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती आणि एका कोपऱ्यात पत्र्याची पट्टी ठोकलेली. मास्तरांनी वायर खुपसली आणि सुरू केलं.

हा पुढे झाला आणि म्हणाला, "मास्तर, ही ओरिजिनल नाही हं, पण पॅटर्न..."

"वाजते ना?" मास्तर म्हणाले. "मंग झाला तं. सूर कंचा?"

"जी."

"वाजव."

आणि त्याने वाजवलं. दोनच कॉर्ड, पण तासभर. भिंतीएवढ्या स्पीकरांतून गुरगुर कुठे गेली कळलं नाही. पोरं नाचत होती, करवल्या नाचत होत्या, नवरदेवाचा आजा खुर्चीवर बसल्या बसल्या नाचत होता. मध्येच सर्वांत बारीक तार तुटली. ती तुटल्याचं कुणाला समजलं नाही, त्यालासुद्धा नाही. एक बाई येऊन कानाशी ओरडली, "दादा, येखादा हलदीचा गाना वाजव ना!" तो तेच वाजवत होता. तरी त्याने मान डोलावली आणि तेच पुन्हा जोरात वाजवलं, आणि बाई खूश होऊन गेली. मास्तरांनी रात्रभरात आपल्या बेंजोबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांचं अंगण याच्यापेक्षा कितीतरी वाकडं होतं. फक्त ते त्यावर नाचत होते.

दुसऱ्या दिवशी तो भेटला तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. मला वाटलं, माणसाला काहीतरी उमगलं. उमगलं होतंच. "लक्षात आलं का," तो म्हणाला, "परवा वायरिंग बदललं त्याचा हा परिणाम!"

मग त्याने सगळंच बदलायला घेतलं. खुंट्या बदलल्या, प्लास्टिकची खाच काढून हाडाची बसवली, पिकअप नवे आले, मागच्या स्प्रिंगा आल्या, पट्टीवरच्या पितळी कडांची टोकं पॉलिश पेपरने घासून मऊ झाली. बायकोने वहीत जमाखर्च मांडला तेव्हा मूळ गिटारच्या तिप्पट रक्कम निघाली. शेवटी वाशीतल्या एका कारागिराकडे तो ती घेऊन गेला. कारागिराने मान बघितली, सूर बघितले, आतलं सोल्डरिंग बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हिच्यात आता करण्यासारखं काही नाही. आता फक्त वाजवा."

तो अतिशय खचून घरी आला. पुढे बरेच दिवस वरून काहीच ऐकू आलं नाही. ना ड्रिल, ना सुरुवाती. सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन विचारलं, बरे आहेत ना ते? सासूबाईंनी दृष्ट काढली. गिटार स्टँडवर सरळ उभी होती, बिनचूक, आणि तो तिच्यासमोरून जाताना नजर चुकवून जायचा. एका संध्याकाळी बायकोच मला म्हणाली, "भावजी, काहीतरी मोडून ठेवू का तिच्यात?"

तशी वेळ आली नाही. रविवारी स्टिल्ट पार्किंगमध्ये पार्सल उतरलं, पनवेलला न जाता थेट. लांबट खोकं, बाहेर सही करायला तो लेंग्यावरच आलेला. आत लेस पॉलची कॉपी. मूळ लेस पॉल गिब्सनने १९५२ साली काढली. जड अंग, पुढे आलेले दुहेरी वेटोळ्याचे पिकअप, म्हणून गुरगुर जवळजवळ नाही. आणि मान स्क्रूने बसवायच्या ऐवजी चिकटवलेली, म्हणजे बिघडली तर सहज काढताही येत नाही. हे सगळं त्याने खोकं फोडता फोडता मला सांगितलं. मग थर्माकोल बाजूला करून गिटार उचलली, एक डोळा मिटला आणि मानेच्या कडेने गेटबाहेरच्या उजेडाकडे बघितलं.

"वाकडी आहे!" तो ओरडला, आणि आनंदाच्या भरात वॉचमनच्या हातावर पन्नास रुपये ठेवले.